शेजारणीचा श्वास

माणसांना एकत्र गायला लावायचं आणि मग त्यांचा दम, नाडी, झोप आणि मनाची अवस्था मोजत बसायचं, याला संशोधन म्हणतात आणि त्याचा पगारही मिळतो, हे लेकीने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, "म्हणजे आम्ही जन्मभर फुकटच गायलो की गं."

लेक विद्यापीठात नोकरीला. चाळिशी गाठली तरी नोकरी कंत्राटीच, त्यामुळे दरवर्षी मुदतवाढीवर सही होईपर्यंत जीव टांगणीला. तिचा अभ्यास तसा सरळ होता. साठी ओलांडलेली, जरा दम लागणारी, जरा एकटी पडलेली माणसं गोळा करायची. निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा ग्रंथालयावरच्या हॉलमध्ये जमून गायचं. उरलेल्या निम्म्यांनी त्याच वेळेला खालच्या खोलीत नुसत्या गप्पा मारायच्या. शेवटी कोणाची तब्येत जास्त सुधारली ते बघायचं. गप्पांवाल्यांना वाटायचं, आपल्याला गाता येत नाही म्हणून खाली बसवलंय. गाणाऱ्यांना वाटायचं, खाली बिस्किटं जास्त वाटतात. माणूस कशातच सुखी नसतो हे कळायला खरं म्हणजे एवढा मोठा अभ्यास करायची गरज नव्हती.

सगळ्यांना तिने एकेक छोटं यंत्र दिलं होतं. प्लास्टिकची नळी, तोंड लावून जोरात फुंकलं की आतला काटा पुढे सरकतो आणि छातीत किती जोर आहे ते कळतं. गटाने त्या यंत्राचं नाव ठेवलं फुंकणी आणि हिचं नाव मोजणीबाई. तोंडावर मॅडम, पाठ वळली की मोजणीबाई. रोज सकाळी फुंकायचं आणि आकडा फोनवरून पाठवायचा. कोणाचा आकडा घसरला की ऑफिसातून ताबडतोब विचारणा, काय होतंय, चला डॉक्टरकडे. टेलरकाकूंचा एकदा असाच घसरला. टेलरकाकू म्हणजे कोपऱ्यावर शिवणाचं दुकान चालवणाऱ्या, धिप्पाड, आवाज असा की मशीन चालू असतानाही रस्त्यापलीकडे ऐकू जावा. त्यांना लगेच फोन, संध्याकाळी तपासणी, सगळी धावपळ. निघालं काय, तर नातीने फुंकणीत बिस्किटाचा चुरा भरला होता. गटाला महिनाभर हसायला पुरलं ते. पण सगळ्यांना एक गोष्ट पटली, की मोजणीबाईचं लक्ष असतं.

गाताना प्रत्येकाच्या गळ्याशी एक इवलासा माइक लावायचा. एका श्वासात कोण किती वेळ टिकतं, ते नंतर ऐकून मोजायचं. तिने स्वतः मात्र हॉलमध्ये बसायचं नाही, हा सरांचा नियम. सर म्हणजे विभागप्रमुख. नियम म्हटला की त्यांच्या अंगात यायचं. मोजणारा समोर बसला की माणसं शहाण्यासारखी वागायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ती शेजारच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसायची आणि भिंतीपलीकडून गाणं ऐकायची.

गाणं शिकवायला होते मास्तर. शाळेत उभी हयात घालवलेले, तापट, पण मनाने लोणी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी गटाला समोर उभं करून सांगितलं होतं, "लांब सूर एका दमात कोणाच्याच बापाला जमत नाही. म्हणून सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. आळीपाळीने घ्यायचा. तुझा दम संपला, गप्प हो. तोंड मिटू नकोस, ओठ हलत राहू देत. शेजारीण सांभाळेल. तिचा संपला की तू सांभाळ. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटला पाहिजे. कोण कुठे थांबलं हे बाहेर कळलं, तर झालं तुमच्या गाण्याचं वाटोळं."

हा धडा त्या लोकांनी नको इतका मनावर घेतला.

आता आईचं सांगते. वडील गेल्यापासून आई घरात नुसती बसून होती. टीव्ही चालू, बघणारं कोणी नाही. लेकीनेच तिला ओढून गटात आणलं. सर म्हणाले, सख्खं नातं अभ्यासात चालणार नाही. गायचं तर गाऊ दे, पण तिचे आकडे धरायचे नाहीत. लेकीला ते पटलंही. पण पहिल्या दिवशी फुंकणी हातात आल्याबरोबर आई इतकी खुलली, "मी पण आहे लेकीच्या अभ्यासात" असं चार मैत्रिणींना फोन करून सांगून मोकळी झाली, की लेकीच्या तोंडून खरं निघेना. काय बिघडतंय, तिने मनाशी म्हटलं. आईलाही फुंकणी, आईलाही माइक, आईनेही रोज आकडा पाठवायचा. तो आकडा एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडायचा आणि तो कप्पा कोणी उघडत नसे. एवढंसं खोटं, तेही आईच्या सुखासाठी. असलं खोटं आपण सगळेच बोलतो, तेव्हा उगाच नाकं मुरडू नका.

आणि आईला गट मानवला होता, हे तर डोळ्यांना दिसत होतं. दोन्ही दिवस ती सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसलेली असायची आणि सगळ्यांच्या नंतर उठायची. लेक ऑफिसात कौतुकाने सांगायची, "आमच्या आईचा उत्साह बघा, तरुणांना लाजवेल." रविवारी लेक घरी जायची तेव्हा आई खुर्चीत ऐसपैस बसलेली. "चहा तूच टाक गं, तुझ्या हातचा बरा होतो." फोन केला तर म्हणायची, "तू बोल, मी ऐकते." लेकीला वाटायचं, आई लाडात आलीय, येऊ दे. अहवाल तोंडावर आला होता, तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. अहवाल चांगला गेला तर नोकरी कायम व्हायची होती आणि हे असे गट आणखी वस्त्यांमध्ये सुरू व्हायचे होते. हे ती आईजवळ दर रविवारी बोलून दाखवायची. "एकाचा जरी आकडा घसरला ना, तरी सर डोळे वटारतात," असंही एकदा वैतागून बोलून गेली होती.

एके दिवशी दुपारी रेकॉर्डिंग ऐकायचं काम संपलं. सगळ्यांचे श्वास मोजून झाले. चहाला उठायच्या आधी तिला वाटलं, एवढ्या सगळ्यांचं ऐकलं, आपल्या आईचं तेवढं ऐकलंच नाही. कामाचं म्हणून नव्हे, नुसतं हौसेने. तिने मागच्याच आठवड्यातला आईचा माइक लावला आणि हेडफोन घातला.

गाणं सुरू झालं. डावीकडून टेलरकाकू, मागून गटातल्याच ड्रायव्हरकाकांचा खर्ज, लांबून मास्तरांची टाळी. आईचा आवाज नाही. तिला वाटलं, माइक बिघडला असेल. तिने आवाज वाढवला. तेव्हा तिला काहीतरी ऐकू आलं. तो श्वास होता. आखूड, मग त्याहून आखूड, मग मध्येच अडलेला, शेवटी बारीक शिट्टी. बसलेल्या माणसाचा श्वास असा नसतो. जिना चढून आलेल्या माणसाचा असतो. ओळ संपायच्या आत टेलरकाकू अगदी कानाशी कुजबुजल्या, "थांबा वहिनी, मी घेते." आणि त्यांचा आवाज सरकून इतका जवळ आला की त्या थेट आईच्या माइकमध्येच गात असाव्यात. गाणं संपलं. टाळ्या झाल्या. आई हसली आणि हसता हसता खोकली, आणि तो खोकला थांबेचना.

लेकीचा कानांवर विश्वास बसेना. तिने त्याआधीचा आठवडा लावला, त्याआधीचा महिना, त्याहीआधीचा. आईचा आवाज नाहीच. खूप मागे गेल्यावर तो सापडला. आधी ओळीचे नुसते सुरुवातीचे शब्द. आणखी मागे गेलं की अर्धी ओळ. अगदी सुरुवातीला मात्र आईचा अख्खा गळा, मोकळा, जरासा नाकातला, ज्या आवाजाने तिला लहानपणी जेवायला हाक मारली होती. महिनोन् महिने आई पहिल्या रांगेत बसून नुसते ओठ हलवत होती, आणि भिंतीपलीकडे बसून ही दम मोजत होती.

तिने फोन लावला. "आई, कशी आहेस?"

"मस्त. आज काटा... बघ किती पुढे गेलाय. पाठवलाय तुला."

त्या एका वाक्यात आईने मध्येच श्वास घेतला होता. इतके दिवस तो कसा ऐकू आला नाही, हे तिला सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, फुंकायच्या वेळेला, न कळवता ती आईच्या घरी गेली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत जे दिसलं त्याने ती उंबऱ्यातच थिजली. आई खुर्चीत, पाठीशी तीन उशा, पाय स्टुलावर. पाय असे सुजलेले की घोट्याचं हाड कुठे आहे ते शोधावं लागलं असतं. ओठांवर निळसर झाक. आणि खोलीच्या मधोमध, गळ्यात मापाची टेप, पाय फाकवून, गाल फुगवून टेलरकाकू उभ्या. त्या आईच्या फुंकणीत फुंकत होत्या. शेजारी ड्रायव्हरकाका काट्यावर नजर ठेवून.

"अहो, एवढं नको काकू," ड्रायव्हरकाका म्हणाले. "कालचा एवढा नव्हता. जरा बेताने फुंका, नाहीतर सरांचा विश्वास नाही बसायचा."

टेलरकाकूंनी पुन्हा फुंकलं, या वेळी जरा बेताने. ड्रायव्हरकाकांनी मान डोलावली. मग दोघांना ती दारात दिसली.

लेकीला वाटलं, आता यांची पाचावर धारण बसेल. लपवालपवी करतील, सबबी सांगतील. तसलं काही झालं नाही. टेलरकाकूंनी नळीचं तोंड पदराला पुसलं आणि म्हणाल्या, "या मॅडम. चहा टाकते."

"हे काय चाललंय?"

"आज माझा वार आहे," टेलरकाकू म्हणाल्या. "उद्या यांचा."

"वार? कसला वार?"

"फुंकायचा. आळीपाळीने करतो. एकट्यावर कशाला भार."

रागवावं कोणावर ते लेकीला कळेना. शेवटी एवढंच तोंडातून निघालं, "कधीपासून?"

"झाले की बरेच महिने." टेलरकाकूंनी तिच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघितलं. "पण तुम्हाला माहीत होतं ना? वहिनी म्हणाल्या, लेकीला सगळं ठाऊक आहे."

"मला? मला कसं ठाऊक असणार?"

टेलरकाकू आईकडे बघायला लागल्या. आई स्वतःच्या हातांकडे बघत होती. "अगं, नुसता दम लागतो," आई म्हणाली. "वयाचं आहे." एवढ्या दोन वाक्यांत ती तीनदा थांबली.

वाद घालायची ती वेळ नव्हती. लेक म्हणाली, हॉस्पिटल. ड्रायव्हरकाका तीस वर्षं बस चालवलेला माणूस. त्यांनी मागून खुर्ची धरली, टेलरकाकूंनी पुढून, आणि आईला खुर्चीसकट उचलून त्यांनी अशा सराईतपणे गाडीपर्यंत नेलं की लेक हबकली. कुठला पाय आधी, दाराशी कसं तिरकं व्हायचं, सगळं ठरलेलं. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हॉलचा जिना. आई सगळ्यांच्या आधी यायची ती उत्साहाने नव्हे. बाकीची माणसं यायच्या आत तिला वर चढवून ठेवायचे आणि सगळे गेल्यावर खाली उतरवायचे. याचंच कौतुक ती ऑफिसभर सांगत फिरली होती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, पायावर बोट दाबून बघितलं, यंत्रावर हृदय दाखवलं. हृदयाची एक झडप पार निकामी झाली होती. ते बिचारं महिनोन् महिने एकटंच झगडत होतं आणि फुप्फुसात पाणी साचत होतं. ऑपरेशनला पर्याय नव्हता.

"इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही?" डॉक्टर म्हणाले. ते रागावून विचारत नव्हते. त्यांना खरंच नवल वाटत होतं. "पाय बघा. चारचौघांत बसलं तरी दिसेल. तुम्ही काय करता?"

"मी..." ती म्हणाली. "माणसांचा दम मोजते."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. मग म्हणाले, "सुरुवातीला आला असतात तर हसत घरी पाठवलं असतं. आता हृदय दमलंय. मी वचन देणार नाही. सगळं नीट होईलही, पण न होण्याची तयारी ठेवा."

बाहेरच्या बाकांवर गटातली पाच-सात माणसं येऊन बसली होती. मास्तरही आले होते. त्यांना बघून लेकीचा तोल सुटला. आयुष्यात कोणाला अरे म्हटलं नव्हतं तिने, पण त्या दिवशी भडाभडा बोलली. "तुम्ही सगळे मिळून माझ्या आईला मारायला निघाला होतात. तिचे पाय दिसत नव्हते? एकाला वाटलं नाही, हिच्या लेकीला एक फोन करावा?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि हातात धरून बसले.

"त्या गात नाहीत, हे मला कळत होतं," मास्तर म्हणाले. "कान आहेत ना मला. दम संपला की थांबा, हे मीच शिकवलं. पण थांबल्यावर परत यायचं असतं. त्या परत आल्याच नाहीत. मी रोज ऐकत होतो, आणि शेजारीण छान सांभाळतेय म्हणून मान डोलावत होतो. मला थोबाडीत मारा तुम्ही."

त्या रागीट माणसाला असं बोलताना कोणी पाहिलं नव्हतं. लेकीचा राग तिथल्या तिथे विरला आणि नुसता थकवा उरला. टेलरकाकू तिच्याजवळ सरकल्या. "मॅडम, एक सांगू का? सरांना कळू देऊ नका. वहिनींचा आकडा पडला तर तुमची नोकरी जाईल, या एका भीतीने त्या झिजल्या. आम्ही सगळे त्याच्यासाठीच करत होतो. एवढं केलंय, ते पाण्यात जायला नको."

"काकू," लेक म्हणाली, "आईचे आकडे आम्ही धरतच नव्हतो."

"म्हणजे?"

"सख्खं नातं चालत नाही. ती अभ्यासात नव्हतीच. तिला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही. फुंकणी नुसती तिच्या हौसेसाठी दिली होती."

टेलरकाकू खालीच बसल्या. ड्रायव्हरकाका म्हणाले, "मग आम्ही इतके दिवस कोणासाठी फुंकत होतो?" मग तेच म्हणाले, "वहिनींना हे सांगू नका. निदान ऑपरेशन होईपर्यंत तरी नको. त्या उभारीवर तर त्या आहेत."

आणि हे बरोबरच होतं. लेकीलाही ते पटलं. दोन दिवस तिने आईच्या उशाशी बसून इकडचं तिकडचं बोलून काढलं. औषधांनी आईचा श्वास जरा शांत झाला, पायांची सूज उतरली, ओठांना रंग आला. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्स येऊन बांगड्या काढून गेली. आईने तोंडावरचा मास्क हाताने बाजूला केला.

"सरांना कळलं का गं?"

"काय?"

"माझं. दुसऱ्यांनी फुंकल्याचं."

"मास्क लाव आई. नंतर बोलू."

"नंतरचं कोणी बघितलंय. ऐक. माझे आकडे काढून टाक. सांग, म्हातारीने लबाडी केली. म्हणजे बाकीच्यांचं तरी बिघडणार नाही. टेलरकाकूंचं नाव घेऊ नकोस."

"हो आई," म्हणायचं, की संपलं. तोंडावर आलं होतं तिच्या. पण या पलंगापर्यंत ही बाई सांभाळून घेण्यामुळेच पोचली होती. सगळ्यांनी तिला सांभाळून घेतलं होतं, आणि सगळ्यात आधी लेकीने. अजून एकदा सांभाळून घ्यायचं तिला जमेना.

"आई, तुझे आकडे त्यात नव्हतेच," ती म्हणाली. "आधीपासूनच नव्हते. नात्यातलं माणूस चालत नाही. तू इतकी खूश झाली होतीस की मला सांगवेना. ते वेगळ्याच जागी जाऊन पडत होते. कोणी बघत नव्हतं."

आई तिच्याकडे टक लावून बघत राहिली. "कोणी म्हणजे?"

"कोणीच."

"तू पण नाही?"

"मी पण नाही. एकदाही उघडून बघितलं नाही."

आता आई रडेल, नाहीतर तोंड फिरवेल, लेकीने मनाची तयारी केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मास्क तोंडावर धरून आईने तीन-चार श्वास घेतले आणि पुन्हा बाजूला केला.

"पहिले पहिले मी खरेच पाठवत होते," आई म्हणाली. "काटा रोज मागे यायचा. मी तस्साच पाठवायची. टेलरकाकूंना कसा लगेच फोन आला होता. म्हटलं, आता येईल. आता लेक धावत येईल." ती थांबली, श्वास घेतला. "नाही आला फोन. रविवारी तू आलीस, चहा केलास, कामाचं बोललीस, गेलीस. मी मनात म्हटलं, पोरीला दिसलंय, पण तिची अडचण होतेय. तिची नोकरी आहे. म्हणून मग काकूंना म्हटलं, तुम्ही फुंका. काटा एकदम वर गेला, तरी तू काही विचारलं नाहीस. तेव्हा तर खात्रीच पटली माझी, की तुला असंच हवंय."

लेकीने नुसती मान हलवली, नाही, नाही.

"म्हणजे तुला दिसलेच नव्हते ते आकडे," आई म्हणाली.

"नाही गं आई."

आईने डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल पडला. काहीतरी जड ओझं खाली ठेवल्यावर माणूस सुस्कारा टाकतो, तसा तिने एक मोठा सुस्कारा टाकला, आणि तो या वेळी अडला नाही.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मला वाटत होतं, तू बघून गप्प बसलीस."

पलंग न्यायला माणसं आली. त्यांनी चाकांची खीळ काढली, सलाइनची बाटली पलंगाच्या दांडीला अडकवली, आणि आईने आपल्या हाताने मास्क नीट लावून घेतला. लेक पलंगाची कड धरून दोन पावलं चालली, मग कोणीतरी तिचा हात हळूच सोडवला. ती बोळात उभी राहिली. आई हे इतके महिने मनात घेऊन बसली होती, की मी बुडतेय, ते माझ्या लेकीला दिसतंय, आणि ती गप्प आहे. हे मनात असताना आई दर रविवारी, लेक निघून दाराशी पोचली की खुर्चीतूनच हाक मारून विचारायची, "अगं, जेवून जातेस ना?"